सात हजार डॉलरचे कालयंत्र: ‘प्रायमर’ची पार्श्वभूमी

जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ‘प्रायमर’ला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्याच्या दिग्दर्शकाचे नाव चित्रपटाच्या धंद्यात फारसे कुणाला ठाऊक नव्हते. शेन करूथ हा गणित शिकलेला, सॉफ्टवेअर लिहून पोट भरणारा, नुकती तिशी ओलांडलेला माणूस. चित्रपट कसा काढतात हे त्याने कुठल्या संस्थेत जाऊन शिकलेले नव्हते. ‘प्रायमर’ची पटकथा त्याची, दिग्दर्शन त्याचे, निर्मिती, संकलन, संगीत त्याचे आणि दोन नायकांपैकी एक नायकही तोच. खर्च ७,००० डॉलर. त्या वेळच्या दराने सव्वातीन लाख रुपयांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे तेव्हा एक छोटी मोटार येईल एवढे पैसे.

वीस वर्षे उलटली तरी या ७७ मिनिटांच्या चित्रपटाबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. एक गट म्हणतो, कालप्रवासावर इतका प्रामाणिक चित्रपट दुसरा झाला नाही. दुसरा म्हणतो, काहीही कळत नाही, संवाद ऐकू येत नाहीत आणि शेवटी कोण कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. मला दोन्ही मते खरी वाटतात. ‘प्रायमर’चे बळ आणि दुबळेपण एकाच हिशेबातून आले आहे, आणि तो हिशेब कॅमेऱ्यात घालायच्या फिल्मचा आहे. तो समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते.

विज्ञानकथा म्हटली की अवकाशयाने, भविष्यातली शहरे, चित्रविचित्र प्राणी, आणि हे सगळे उभे करायला लागणारा पैसा डोळ्यांसमोर येतो. पण या प्रकाराची दुसरी एक परंपरा आहे, आणि ती तुटपुंज्या साधनांवरच वाढली. फ्रान्समध्ये क्रिस मार्करने १९६२ साली ‘ला जेते’ केला. अणुयुद्धात पॅरिस उद्ध्वस्त झाले आहे, माणसे जमिनीखाली राहतात, आणि एका कैद्याला त्याच्या लहानपणच्या एका आठवणीच्या दोरीने भूतकाळात पाठवले जाते. कथा केवढी मोठी! आणि चित्रपट २८ मिनिटांचा, जवळजवळ पूर्ण स्थिरचित्रांचा. एकामागून एक कृष्णधवल छायाचित्रे आणि त्यावर निवेदन. संपूर्ण चित्रपटात हलते दृश्य एकच: झोपलेली स्त्री डोळे उघडते आणि पापण्या मिटते-उघडते. तोवर आपण छायाचित्रे पाहायला सरावलेलो असतो, त्यामुळे ती पापणी हलली की छातीत काहीतरी लकाकते. पुढे १९९५ मध्ये हॉलिवूडने याच कथेवरून ‘ट्वेल्व्ह मंकीज’ काढला. त्यात मोठे नट होते, मोठे नेपथ्य होते. तो चांगलाच आहे, पण ती पापणी त्यात नाही.

मार्करने चित्रपटातून हालचालच काढून घेतली आणि आठवण हाच विषय असल्यामुळे ती उणीव कथेच्या अंगी लागली. फ्रेंच दिग्दर्शक गोदारने १९६५ मध्ये ‘आल्फाव्हिल’साठी नेपथ्य काढून घेतले. परक्या ग्रहमंडळातले शहर म्हणून त्याने पॅरिसच्याच नव्या काचेच्या इमारती रात्री चित्रित केल्या. पैसा नसला की काहीतरी गाळावे लागते. जे गाळले त्याची जागा कथेने भरून काढली तर चित्रपट उभा राहतो. नाही भरली तर प्रेक्षकाला फक्त भोक दिसते.

‘डार्क स्टार’मध्ये दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात. जॉन कार्पेंटर आणि डॅन ओबॅनन हे कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात चित्रपट शिकत होते. त्यांनी विद्यार्थी म्हणून सुरू केलेला लघुपट वाढवत वाढवत १९७४ मध्ये पूर्ण लांबीचा करून बाहेर आणला. सगळा खर्च सुमारे ६०,००० डॉलर. यानावरचा परग्रहवासी प्राणी म्हणजे रंगवलेला, पंजे लावलेला, समुद्रकिनाऱ्यावर खेळतात तसला मोठा फुगवलेला चेंडू. तो त्यात भूमिकाही करणाऱ्या ओबॅननला छळत फिरतो आणि आपण हसतो. पण ओबॅननच्या डोक्यातून तो चेंडू गेला नाही. अडगळीच्या यानात अडकलेली कामगार माणसे आणि त्यांच्यात शिरलेला प्राणी हीच मांडणी त्याने पुन्हा घेतली, या वेळी भीतीसाठी. तो चित्रपट १९७९ चा ‘एलियन’. स्वस्तातल्या विज्ञानपटाचे एक ऋण आपण फारसे मोजत नाही: तिथे फसलेली कल्पना पुढे कुणाच्या तरी मोठ्या चित्रपटाची पायाभरणी होते.

नव्वदच्या दशकात करूथच्या टेक्सस राज्यातच एक आकडा दंतकथेसारखा फिरत होता, ७,००० डॉलर. रॉबर्ट रॉड्रिगेझने १९९२ चा ‘एल मारियाची’ एवढ्यात केला होता आणि पैशासाठी औषधाच्या चाचणीत स्वतःचे शरीर भाड्याने दिले होते. तो विज्ञानपट नव्हता. शिवाय स्टुडिओने तो विकत घेतल्यावर ध्वनी आणि छपाईवर मूळ खर्चाच्या कितीतरी पट पैसे ओतले, हे दंतकथा सांगताना गाळले जाते. कमी खर्चाच्या कुठल्याही आकड्याकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे. त्या आकड्यात मित्रांची फुकटची मजुरी नसते, आईवडिलांचे घर नसते आणि दोन-दोन वर्षांच्या जागरणांची किंमतही नसते.

त्याच दशकात कॅनडात व्हिन्चेंझो नताली याने ‘क्यूब’ केला (१९९७). अनोळखी माणसे एकासारख्या एक चौकोनी खोल्यांच्या चक्रव्यूहात जागी होतात. काही खोल्यांत मरण दबा धरून बसलेले. कथेप्रमाणे खोल्या १७,५७६, म्हणजे २६ चा घन. प्रत्यक्षात एकच खोली बांधली होती. भिंतींतले रंगीत पडदे बदलले की खोली बदलली. ते बदलायला वेळ लागायचा, म्हणून एका रंगाच्या खोलीतले सगळे प्रसंग एकदम उरकायचे, कथेतला क्रम काहीही असो. हे वाचल्यावर त्यातल्या नटांच्या चढ्या, तुटक अभिनयाबद्दल माझा राग थोडा निवळला. सकाळी शेवटचे भांडण आणि दुपारी पहिली ओळख करायची असेल तर आवाजाची पट्टी सांभाळणार कोण? १९९८ चा ‘पाय’ हा डॅरेन ॲरोनॉफ्स्कीचा चित्रपटही याच पिढीतला. नातेवाइकांकडून आणि मित्रांकडून शंभर-शंभर डॉलर गोळा करून, रखरखीत कृष्णधवल फिल्मवर चित्रित केलेला.

करूथने ‘प्रायमर’ चित्रित केला तो २००१ मध्ये, डॅलस शहराच्या आसपास, पाच आठवड्यांत, पाचएक जणांच्या चमूसोबत. माध्यम सुपर १६ मिलिमीटरची फिल्म. आता तो हिशेब. १६ मिलिमीटरच्या ४०० फुटी रिळात जेमतेम ११ मिनिटे मावतात. रीळ विकत घ्यायचे, धुऊन आणायचे, मग ते व्हिडिओवर उतरवायचे. प्रत्येक टप्प्याला फुटावर पैसे. साधारण चित्रपटात पडद्यावरच्या एका मिनिटासाठी दहा मिनिटे सहज चित्रित होतात. त्या मापाने ७७ मिनिटांसाठी सत्तर रिळे लागली असती. करूथचे प्रमाण होते दोनास एक, म्हणजे हिशेबाने १४ रिळांच्या आसपास. चुकीला जागा नाही. म्हणून त्याने चित्रीकरणाआधी प्रत्येक दृश्य साध्या ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने स्थिरचित्रांत काढून पाहिले. कॅमेरा कुठे, नट कुठे, उजेड कुठून, हे सगळे कागदावर पक्के, मग रीळ. मार्करची स्थिरचित्रे इथे कच्च्या आराखड्याच्या रूपात परत आली, असे मला वाटते.

चित्रपट सुरू होतो एका गॅरेजमध्ये. पांढरे शर्ट आणि टाय घातलेले चार अभियंते दिवसाची नोकरी आटोपून रात्री टेबलाभोवती बसले आहेत आणि संगणकाचे सुटे भाग टपालाने विकण्यासाठी पाकिटे भरत आहेत. त्या पैशातून पुढचा प्रयोग. त्यांतले दोघे, ॲरन आणि एब, वस्तूचे वजन कमी करणारे यंत्र बनवू पाहतात. पॅलॅडियम हवे, तर मोटारीच्या धूर काढणाऱ्या नळीतला भाग कापून काढतात. तांब्याची नळी घरातल्या फ्रिजची. यंत्र चालू होते आणि काहीतरी चुकते: वीज काढून घेतली तरी ते चालतच राहते. आत ठेवलेल्या वस्तूवर बुरशी धरते, आणि ती इतकी की एवढी साचायला बाहेर काही वर्षे लागावीत. एब आत घड्याळ ठेवतो. बाहेरच्या एका मिनिटात घड्याळात हजाराहून अधिक मिनिटे गेलेली असतात.

हा शोध लागतो तेव्हा संगीत उसळत नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही. दोन माणसे ट्यूबलाइटच्या हिरवट उजेडात उभी राहून आपण काय पाहिले त्याची पुन्हा पुन्हा खातरजमा करतात. ज्याने कुठल्याही कारखान्यात, प्रयोगशाळेत, अगदी दुरुस्तीच्या दुकानातही काम केले आहे त्याला ही खातरजमा ओळखीची वाटेल. मोठे शोध पुष्कळदा अपघाताने आणि सामान्य जागी लागतात, हे करूथला दाखवायचे होते, आणि त्याच्याकडे जागा तरी सामान्यच होत्या. संवादही तसेच. अभियंते एकमेकांना समजावून सांगत नाहीत, कारण समोरच्याला ते माहीत असते. अर्धे वाक्य एक टाकतो, दुसरा मान हलवतो, तिसरा मध्येच भलतेच विचारतो. पडद्यावरच्या शास्त्रज्ञाने फळ्याजवळ उभे राहून प्रेक्षकांसाठी तास घ्यायचा, ही जुनी खोड ‘प्रायमर’ने टाकून दिली. माझ्या माहितीतल्या विज्ञानपटांत इतक्या खऱ्या तोंडी बोलणारे तंत्रज्ञ मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

मग दोघे त्या यंत्राची माणूस मावेल एवढी पेटी बनवतात. चित्रपटाची खरी कमाई मात्र त्या पेटीचा नियम आहे. सकाळी पेटी चालू करायची आणि शहराबाहेरच्या हॉटेलात दिवसभर कोंडून बसायचे, कुणाशी बोलायचे नाही. संध्याकाळी प्राणवायूची नळकांडी घेऊन पेटीत शिरायचे आणि जितके तास मागे जायचे तितके तास आत पडून राहायचे. सहा तास मागे जायला सहा तास. बाहेर पडलात की सकाळ. पेटी चालू केली त्याच्या आधी कधीही जाता येत नाही. भौतिकशास्त्रातल्या चर्चेशी ही अट जुळते. १९८८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कृमिविवरातून (अवकाशातल्या दोन जागा जोडणाऱ्या काल्पनिक बोगद्यातून) कालयंत्र कसे शक्य होईल याचा विचार मांडला, त्या यंत्रालाही हीच मर्यादा आहे: ते तयार होण्याआधीच्या काळात ते नेत नाही. त्याही आधी, १९४९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनने पॉझिट्रॉनकडे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धनभारित जुळ्याकडे, काळात उलट जाणारा इलेक्ट्रॉन म्हणून पाहता येते हे दाखवले होते. पेटीतला माणूसही तसाच, इतरांच्या संध्याकाळकडून सकाळकडे सरकणारा. या नियमाला खर्च शून्य. चकचकीत यंत्र लागत नाही, प्रकाशाचा लोळ लागत नाही. सामान ठेवायला भाड्याने मिळतात तसली एक पत्र्याच्या दाराची खोली, एक खोका आणि घुमणारा आवाज, बस्स.

मग दोघे शेअर बाजारात पैसे मिळवू लागतात, आणि एका साध्या प्रसंगात चित्रपट अंगावर काटा आणतो. ॲरन चुकून आपला मोबाइल पेटीतून सोबत घेऊन आला आहे. तो वाजतो. पलीकडे बायको. तो बोलतो, ठेवतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की आत्ता या क्षणी तोच क्रमांक असलेला दुसरा फोन हॉटेलात, सकाळच्या ॲरनच्या खिशात आहे. नेटवर्क आधी कोणता फोन शोधते? हा वाजला तर तो वाजला का? तो वाजला नसेल, तर सकाळी घडले त्यापेक्षा वेगळे काहीतरी आत्ता घडले आहे. एवढेच. दोन माणसे आणि एक वाजून गेलेला फोन. पुढे त्यांच्या कानातून रक्त येते, अक्षर बिघडते, आपल्यालाच नीट लिहिता का येत नाही म्हणून ते कागदाकडे बघत बसतात. यंत्राचा शरीरावर होणारा परिणाम दाखवायला याहून स्वस्त आणि याहून भीतिदायक गोष्ट मला सुचत नाही.

आता दुबळी बाजू. मी ‘प्रायमर’ पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला, वसतिगृहाच्या खोलीत चौघांत एका संगणकावर. शेवटची पंचवीस मिनिटे सुरू झाली तेव्हा चौघेही वहीवर रेघा ओढत होतो. कुठला ॲरन कधीचा, दुसरी पेटी कुणी आधीच चालू करून ठेवली होती, निवेदन करणारा कोणता. रात्री दोनला पुन्हा पहिल्यापासून लावला. त्या रात्रीबद्दल मला अजून प्रेम आहे. पण आज तटस्थपणे पाहिले तर ती पंचवीस मिनिटे चित्रपटाच्या हातून सुटलेली आहेत. आधी नियम इतक्या संयमाने घालून दिला आणि शेवटी घटनांचा नुसता गोषवारा निवेदनातून सांगितला. एका पार्टीत बंदूक घेऊन आलेला माणूस हा ॲरनच्या सगळ्या धडपडीचा मध्य. तो प्रसंग सावरण्यासाठी माणूस पुन्हा पुन्हा भूतकाळात शिरतो. आणि तोच आपण धडपणे पाहत नाही. जिथे दोन अधिक रिळे हवी होती तिथे ती नव्हती, हे स्पष्ट कळते.

एबच्या मैत्रिणीचे वडील, ग्रेंजर, यांचे प्रकरण मला वेगळे वाटते. एका रात्री ते दाढी वाढलेल्या अवस्थेत मोटारीत बसलेले सापडतात, आणि घरी फोन केला तर तिथेही तेच. म्हणजे त्यांनाही पेटीचा पत्ता लागला. कुणी सांगितला, कशासाठी, हे कधीच कळत नाही. पुष्कळ जण याला पटकथेचे छिद्र म्हणतात. मी म्हणणार नाही. ज्या दोघांना आपण सगळे ताब्यात ठेवले आहे असे वाटत होते त्यांनाही उत्तर मिळत नाही, आणि तिथूनच एकमेकांवरचा विश्वास तडकतो. हे न सांगणे कथेच्या उपयोगी पडते. पार्टीचे न दाखवणे पडत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र बचाव करता येत नाही. ॲरनची बायको फोनवर आणि दारात दिसते. एबची मैत्रीण वाचवण्यापुरती आहे. नवरा रोज दोनदा जगलेला दिवस घेऊन घरी येतो, अधिक थकलेला, अधिक वयाचा, आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाला ते जाणवत नाही? या प्रश्नाला पैसे लागत नव्हते. काही दृश्यांत फोकस हुकला आहे, तोही समजून घेता येतो, कारण पुन्हा घ्यायला फिल्म नव्हती. पण सगळ्यात मोठी तक्रार ध्वनीची आहे आणि ती रास्त आहे. एकावर एक बोलणाऱ्या चार माणसांचे संवाद गॅरेजमधल्या घुमणाऱ्या आवाजात दबून जातात. विषय कठीण असताना वाक्यच ऐकू येऊ नये हे जास्त लागते. आपण कथेशी झगडतो आहोत की ध्वनिमुद्रणाशी, हे कळेनासे होते. चित्रीकरणानंतरच्या कामात करूथची दोन वर्षे गेली, आणि त्या काळात चित्रपट सोडून द्यावा असे अनेकदा वाटल्याचे त्याने पुढे सांगितले आहे.

ऑक्टोबर २००४ मध्ये तो अमेरिकेत मोजक्या पडद्यांवर लागला आणि तिथे चार लाख डॉलरहून थोडी अधिक तिकिटे विकली गेली. त्याचा खरा प्रेक्षक डीव्हीडीने दिला, कारण डीव्हीडी थांबवता आणि मागे नेता येते. जगभरच्या लोकांनी त्याच्या काळरेषांचे तक्ते काढले, आमच्या वहीतल्यासारखेच, फक्त बरोबर.

त्यानंतर फिल्मच गेली. डिजिटल कॅमेऱ्यात मिनिटाला पैसे पडेनासे झाले आणि स्वस्त विज्ञानपटाचे गुणदोषही पालटले. जेम्स वॉर्ड बर्किटचा ‘कोहेरन्स’ (२०१३) पाहा. आठ मित्र जेवायला जमतात, धूमकेतू जवळून जातो, दिवे जातात आणि थोड्या अंतरावर त्यांचेच घर, त्यांच्याच माणसांसकट, दिसते. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात पाच रात्रींत चित्रीकरण, खर्च सुमारे ५०,००० डॉलर, आणि नटांच्या हाती लिहिलेले संवाद नाहीत. प्रत्येकाला रोज फक्त स्वतःपुरती चिठ्ठी. दुसऱ्याच्या चिठ्ठीत काय आहे हे माहीत नाही. करूथच्या अगदी उलटी रीत. तिथे दचकणे खरे आहे, कारण नट खरेच दचकले आहेत. आणि दोषही उलटे: बोलणी लांबतात, कॅमेरा कुणाकडे पाहावे या संभ्रमात भिरभिरतो. जपानमध्ये २०२० साली जुन्ता यामागुचीने ‘बियाँड द इन्फिनिट टू मिनिट्स’ तर फोनवर चित्रित केला. क्योटोतला एक कॅफे, आणि दोन मिनिटे पुढचे दाखवणारा एक पडदा. त्यात जी शिस्त आहे ती पाहून मला ‘प्रायमर’ची स्थिरचित्रे आठवतात. तिथे रीळ वाचवायचे नव्हते, पण एकही कट दिसणार नाही अशी अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली होती.

करूथने पुढे मोठ्या खर्चाचा एक विज्ञानपट लिहिला. त्यात त्याची काही वर्षे गेली, पैसा उभा राहिला नाही, आणि तो सोडून द्यावा लागला. २०१३ मध्ये तो ‘अपस्ट्रीम कलर’ घेऊन सनडान्सला परतला. याही वेळी लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संगीत आणि मुख्य भूमिका त्याच्याच, वितरणही स्वतःच केलेले. त्यातले एक पात्र माळावर हिंडून आवाज गोळा करते: पाण्याच्या नळीवर दगड घासते, पन्हळीतून विटा सोडते आणि कान देऊन ऐकते. त्या चित्रपटाला परीक्षकांनी खास पुरस्कार दिला, तो ध्वनिरचनेसाठी.